द्राक्षाची चौकशी चालते, मजुराची का नाही?

भारताला भागीदार हवे आहेत, उपदेश करणारे नकोत. त्यातही बाहेर सांगायचं एक आणि घरी वागायचं दुसरंच, असे उपदेशक तर नकोतच, अशा अर्थाचं विधान परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी मे २०२५ मध्ये युरोपला उद्देशून केलं. ते पुष्कळांना आवडलं. बघता बघता ती अनेकांची पक्की भूमिकाच झाली. २७ जानेवारी २०२६ रोजी भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं, तेव्हापासून तर हा सूर अधिकच चढला आहे. व्यापार हा व्यापार असतो, त्यात मानवाधिकार आणू नयेत. आमच्या देशात काय चाललं आहे तो आमच्या घरचा प्रश्न आहे. आणि ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांना आम्हाला काही सांगण्याचा नैतिक अधिकारच नाही.

तिसऱ्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे, आणि त्याकडे मी येणार आहे. पण त्याच्या आधाराने पहिली दोन म्हणणी खरी ठरवली जातात, त्याला माझा विरोध आहे. तोही दिल्लीच्या किंवा ब्रुसेल्सच्या कुणासाठी नाही. जी माणसं या व्यापाराचा माल पिकवतात, तोडतात, फवारतात, वाहतात, त्यांच्या बाजूने आहे.

नाशिकच्या द्राक्षापासून सुरुवात करू. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यात धोक्यात आली. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली. निर्यातीच्या बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला क्रमांक, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, पॅकहाउसची मान्यता, आणि युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून थेट निफाडच्या किंवा दिंडोरीच्या बागेपर्यंत माग काढता येईल अशी साखळी. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले, माल अडकला, बागायतदारांचं कंबरडं मोडलं. पुन्हा नियम कडक झाले आणि पुन्हा आपण ते पाळले. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंद केला. कोकणातल्या हापूसवाल्याने ऐन हंगामात ते सोसलं. मग गरम पाण्याची प्रक्रिया सक्तीची झाली, तपासणी सुधारली, आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली.

या सगळ्या वर्षांत परकीयांनी आमच्या बागेत डोकावणं हा आमच्या सार्वभौमत्वावरचा घाला आहे, असं कुणी म्हटलं नाही. त्रास झाला, तक्रारी झाल्या, काही नियम अन्यायाचे होते असंही बागायतदार सांगतात. पण गिऱ्हाइकाला मालाबद्दल विचारण्याचा हक्क आहे, हे आपण मनापासून मान्य केलं. त्यातून आपली शेती सुधारली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि ज्या औषधांबद्दल पूर्वी कुणी बोलत नव्हतं त्यांचा हिशेब बागेच्या नोंदवहीत येऊ लागला.

आता त्याच बागेत सुरगाण्याहून, पेठहून आलेली मजूर जोडपी काम करतात. विरळणी, डिपिंग, फवारणी, खुडणी. द्राक्षाच्या सालीवर औषधाचे किती अवशेष राहिले ते दशलक्ष भागांत मोजलं जातं. त्या औषधाच्या धुरळ्यात आठ तास उभ्या राहिलेल्या बाईच्या शरीरात काय गेलं, ते कुणी मोजत नाही. तिला मुखवटा मिळाला का, मजुरी किमान वेतनाइतकी होती का, तिचं मूल शाळेत होतं की बांधावर, हे प्रश्न करारात आले की ती लगेच ढवळाढवळ ठरते. परकीयाला आमचं द्राक्ष तपासू द्यायचं आणि आमच्या माणसाबद्दल मात्र विचारू द्यायचं नाही, याला स्वाभिमान म्हणायला मी तयार नाही. हा मालकाचा सोयीचा नियम आहे.

म्हणून यवतमाळची आठवण करून देतो. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले, काहींची दृष्टी अधू झाली. चर्चेत आलेल्या कीटकनाशकांपैकी एक स्वित्झर्लंडच्या बड्या कंपनीचं होतं. त्यातलं डायफेन्थियुरॉन हे रसायन स्वित्झर्लंडमध्ये आणि युरोपीय संघात वापरायला परवानगी नव्हती. इथे मात्र ते खुलेआम विकलं जात होतं. कंपनीने जबाबदारी नाकारली. मृतांच्या कुटुंबीयांनी २०२० मध्ये थेट बाझलच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि त्याच वेळी स्वयंसेवी संघटना ओईसीडीच्या तक्रार यंत्रणेकडे गेल्या. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची विधवा युरोपातल्या न्यायालयात दाद मागते, ती कोणत्या आधारावर? माणूस म्हणून तिच्या नवऱ्याच्या जिवाची किंमत तिथल्या माणसाइतकीच आहे, याच आधारावर. या तत्त्वाचं नाव मानवाधिकार. करारात ते नको म्हणणारा तिच्या हातातलं हत्यार काढून घेतो, आणि ज्या कंपनीला स्वतःच्या देशात विकता न येणारं विष इथे विकायचं आहे, तिचं काम सोपं करतो.

हा मुद्दा आपल्या चर्चेत जवळजवळ येतच नाही, याचं मला दुःख आहे. मानवाधिकार म्हटलं की आपण गृहीत धरतो, युरोप विचारणार आणि भारत उत्तर देणार. पण प्रश्न विचारण्यासारखं आपल्याकडेही खूप आहे. स्वतःच्या शेतात बंदी घातलेली कीटकनाशकं बाहेर विकणं थांबवू, असं युरोपीय आयोगाने २०२० मध्ये जाहीर केलं. फ्रान्सने कायदा केला, पण संपूर्ण संघाने शब्द पाळला नाही. भारताच्या वाटाघाटीकारांनी ही मागणी टेबलावर आपटून ठेवायला हवी होती. मानवाधिकार हा विषयच व्यापारात नको, अशी भूमिका एकदा घेतली की ती मागणी करण्याचं तोंड राहत नाही.

इटलीतल्या लातिना भागात हजारो पंजाबी शेतमजूर भाजीपाल्याच्या शेतात राबतात. जून २०२४ मध्ये तिथे एका भारतीय मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. मालकाने त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या राहत्या जागेपाशी टाकून दिलं, आणि दोन दिवसांनी तो गेला. इटलीत मोर्चे निघाले, भारतीय दूतावासाने लक्ष घातलं. पण भारताच्या हाती करारातलं कोणतं कलम होतं, ज्याच्या जोरावर तो तिथल्या शेतांची संयुक्त तपासणी मागू शकेल? कुशल मनुष्यबळाला युरोपात वाव मिळावा ही आपली जुनी मागणी आहे, आणि ती रास्त आहे. पण अभियंत्याचा व्हिसा मागायचा आणि शेतमजुराच्या हक्काबद्दल गप्प राहायचं, हे मला पटत नाही.

आता ‘घरचा प्रश्न’ या म्हणण्याकडे येऊ. हे म्हणणं जगाच्या व्यासपीठावर पहिल्यांदा मोडून काढणारा देश भारत होता.

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि राहण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. भारत अजून स्वतंत्रही झाला नव्हता. तरी त्या वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने पंतप्रधान यान स्मट्स उभे होते. त्यांचा युक्तिवाद सनदेच्या कलम २ मधल्या सातव्या परिच्छेदावर उभा होता: हा आमचा अंतर्गत मामला आहे, इथे बोलण्याचा कुणाला अधिकार नाही. विजयालक्ष्मी पंडित यांनी भारताची बाजू मांडली. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. पुढे गॅट या जागतिक व्यापार करारातही भारताने दक्षिण आफ्रिकेला व्यापारी सवलती लागू करायला नकार दिला. तो बहिष्कार १९९३ पर्यंत टिकला. ज्यांनी जुने भारतीय पासपोर्ट पाहिले आहेत त्यांना त्यावरचा दक्षिण आफ्रिका वगळणारा शिक्का आठवत असेल. व्यापारात माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आणायचा नसतो, हे तत्त्व आपण मानलं असतं तर ही ४७ वर्षं घडलीच नसती.

कुणी म्हणेल, तो वर्णभेदाचा टोकाचा प्रसंग होता. तर आणीबाणी घ्या. १९७५ ते ७७ च्या काळात राम जेठमलानी, सुब्रमण्यम स्वामी यांच्यासारखे नेते परदेशात जाऊन आणीबाणीविरुद्ध जनमत जागवत होते. मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस १९७६ मध्ये पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवासाठी युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी आवाज उठवला. त्या वेळी इंदिरा गांधींचं सरकार हेच म्हणत होतं, की परकीय शक्ती आमच्या कारभारात नाक खुपसत आहेत. त्या काळात तुरुंगात गेलेल्यांचे राजकीय वारस आज सत्तेत आहेत आणि तेच वाक्य वापरत आहेत. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून हिंसाचार चालू होता. १३ जुलैला युरोपीय संसदेने त्यावर ठराव केला. तो वसाहतवादी मनोवृत्तीचा आहे, असं परराष्ट्र खात्याने सांगितलं. आठवड्याच्या आत दोन स्त्रियांच्या विटंबनेची चित्रफीत देशासमोर आली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ठरावाची भाषा कुणाला खटकली असेल. मला स्वतःला त्यातलं काही उथळ वाटलं. पण त्या स्त्रियांच्या दृष्टीने पाहिलं तर तेव्हा जगात त्यांच्याबद्दल बोलणारे फार झाले होते की फार कमी?

शिवाय एक गोष्ट या चर्चेत सोयीने विसरली जाते. भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यात १९९४ मध्ये लागू झालेला सहकार्य करार आजही आहे. नरसिंह राव सरकारच्या काळातला. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे, की मानवाधिकार आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा या सहकार्याचा पाया आणि कराराचा अत्यावश्यक भाग आहे. म्हणजे जे आम्ही कधीच मान्य करणार नाही असं सांगितलं जातं, त्याच्यावर आपली सही तीस वर्षांपूर्वीच झाली आहे. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन यांच्याशी झालेल्या करारात श्रम आणि पर्यावरणाचं प्रकरण आहे. जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारातही आहे. तत्त्व आपण कधीच मान्य केलं आहे. भांडण आहे ते त्या कलमाला दात असावेत की नसावेत यावर.

मानवाधिकारांच्या आग्रहाने करार मोडतात, ही भीतीही इतिहासाला धरून नाही. भारत आणि युरोपीय संघ यांची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये थांबली, ती मोटारी, दारू, दुग्धव्यवसाय, विदेची सुरक्षा आणि व्यावसायिकांची ये-जा यांवर. मोटारींच्या आयातशुल्कावर करार नऊ वर्षं अडला तर ती खंबीर वाटाघाट, आणि कामगाराच्या हक्कावर एक बैठक लांबली तर तो परकीय दबाव, हा न्याय कुठला?

युरोपच्या नैतिक अधिकाराबद्दल मात्र मी आडपडदा ठेवणार नाही. गोव्याचं उदाहरण आपल्याला विसरता येत नाही. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज गोळ्यांनी निःशस्त्र माणसं मारली. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती, आणि ती हुकूमशाही नाटोची संस्थापक सदस्य होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. सात मतं ठरावाच्या बाजूने पडली. सोव्हिएत संघाचा नकाराधिकार नसता तर लोकशाही देशांनी मिळून एका लोकशाहीला एका हुकूमशहापुढे माघार घ्यायला लावली असती. ज्याच्या घरात गोमंतक मुक्तीची आठवण आहे त्याने युरोपचं प्रवचन संशयाने ऐकावं, यात गैर काहीच नाही.

आजचं वागणंही सरळ नाही. कंबोडियाच्या व्यापारसवलती युरोपने २०२० मध्ये हक्कांच्या कारणाने अंशतः काढल्या. पाकिस्तानात ईश्वरनिंदेच्या कायद्याखाली अल्पसंख्याकांवर काय बेततं ते युरोपीय संसदेने २०२१ च्या ठरावात स्वतः लिहिलं, आणि सवलती मात्र चालू राहिल्या. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांबद्दल युरोपची सरकारं काय करतात ते जग पाहतं. आणि पुरवठा साखळीत माणसांचं शोषण होत नाही ना, हे मोठ्या कंपन्यांनी तपासावं, असा जो कायदा युरोपने २०२४ मध्ये मोठ्या अभिमानाने केला, तो पुढच्याच वर्षी उद्योगांच्या दडपणाखाली पातळ करायला घेतला.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? शेजाऱ्याने स्वतःच्या घराला आग लागू दिली, म्हणून आपल्या गावात पाण्याचा बंब नको, असं आपण म्हणत नाही. युरोप दुटप्पी वागतो याचा अर्थ नियम लेखी, दोघांना सारखे आणि दोघांनी तपासायचे असावेत. एकतर्फी सवलतीत मोठा देश हवं तेव्हा डोळे वटारतो आणि हवं तेव्हा मिटतो. कराराच्या कलमात त्याला तशी मुभा राहत नाही. दुबळ्याला लेखी नियमाची गरज बलवानापेक्षा जास्त असते.

उपदेश न करणाऱ्या मित्राचा अनुभवही आपण नुकताच घेतला. अमेरिकेच्या सध्याच्या प्रशासनाने भारताला मानवाधिकारांवर धडे दिले नाहीत. त्या प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्या फटक्याला सोलापूरचा टॉवेलवाला, मुंबईच्या सीप्झमधला दागिने घडवणारा कारागीर आणि कोळंबीचा निर्यातदार, सगळे सामोरे गेले. पुढच्या बोलण्यांत काय मिळालं आणि काय गेलं ते बाजूला ठेवा. मूल्यांची भाषा काढून टाकली की उरतो तो निव्वळ व्यवहार स्वच्छ असतो, ही समजूत त्या ऑगस्टमध्ये संपायला हवी होती. मूल्यं काढली की उरते ती ताकद, आणि ताकदीच्या मोजमापात भारत अजून अमेरिका नाही.

हक्कांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आपण राजकीय सहकार्यातही मोजतो आहोत, याचं ठळक उदाहरण प्रत्यार्पणाचं. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियावर विमानातून शस्त्रं टाकण्यात आली. त्यातला एक प्रमुख आरोपी डेन्मार्कचा नागरिक. डेन्मार्कच्या सरकारने त्याला भारताच्या हवाली करायचं ठरवलं होतं. न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. कारण काय, तर भारतात कोठडीत छळ होण्याची शक्यता. २०२४ मध्ये पुन्हा तोच निकाल. पहिल्या निकालानंतर आपण रागावलो, डेन्मार्कशी संबंध वर्षानुवर्षं गोठवले. पण छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आणि आजतागायत त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत समितीकडे गेलं आणि विरून गेलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा शिफारस केली. देशावर शस्त्रं टाकणाऱ्या माणसाला आपण पकडून आणू शकत नाही, कारण आपल्या पोलीस कोठडीची हमी जग स्वीकारत नाही. राष्ट्रीय सुरक्षेची चिंता करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि जिथे हमी द्यावी लागली तिथे काय झालं? मेहुल चोक्सीच्या प्रत्यार्पणासाठी भारताने २०२५ मध्ये बेल्जियमला लेखी आश्वासन दिलं, की त्याला मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बारा क्रमांकाच्या बराकीत ठेवलं जाईल. प्रत्येक कैद्यामागे किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा, स्वच्छ पिण्याचं पाणी, पुरेसं अन्न, वैद्यकीय सोय. बेल्जियमच्या न्यायालयांनी ते मानलं. त्याच तुरुंगात क्षमतेच्या कित्येक पट कैदी आहेत. बहुसंख्य कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. परकीय न्यायालयाच्या एका प्रश्नाने एका धनाढ्य आरोपीला माणसासारख्या जागेची हमी मिळाली. धारावीतल्या किंवा मानखुर्दच्या कच्च्या कैद्याला ती का मिळू नये? बाहेरच्याला देऊ शकलेलं वचन आपल्या नागरिकाला देता येत नाही, हे मला अत्यंत लाजिरवाणं वाटतं.

पुण्याच्या हिंजवडीतल्या संगणक उद्योगाचा प्रश्नही याच वळणावर येतो. जपान, दक्षिण कोरिया, ब्रिटन यांना युरोपने विदेच्या संरक्षणाबाबत पुरेसे सुरक्षित देश म्हणून मान्यता दिली, भारताला नाही. म्हणून आपल्या कंपन्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाशी वेगळी कलमं लिहून द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या कायद्यात सरकारने स्वतःलाच त्यातून सूट घेण्याची वाट ठेवली. युरोपच्या न्यायालयाने याच कारणावरून अमेरिकेबरोबरच्या विदा व्यवस्था २०१५ आणि २०२० मध्ये दोनदा रद्द केल्या होत्या. नागरिकाचा हक्क जपला असता तर उद्योगाचंही भलं झालं असतं, इतकं हे सरळ आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मला वजनदार वाटतो. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत भारताने श्रममानकं जागतिक व्यापार संघटनेत आणायला विरोध केला. १९९९ मध्ये सिएटलला क्लिंटन यांनी श्रममानकांसाठी व्यापारी निर्बंधांची भाषा केली आणि परिषद फिसकटायला तेही एक कारण झालं. स्वस्त श्रम हीच गरीब देशाची एकमेव ताकद, तीही श्रीमंतांनी नियमाच्या नावाखाली काढून घ्यायची, हा धोका खरा आहे. युरोपचा कार्बन सीमाकर हे त्याचं ताजं रूप. १ जानेवारी २०२६ पासून तो पूर्णपणे लागू झाला. आपल्या पोलादावर कर बसणार आणि पैसा युरोपच्या तिजोरीत जाणार. त्याविरुद्ध भारत लढतो आहे ते योग्यच आहे.

म्हणूनच माझा आग्रह शुल्क वाढवणाऱ्या शिक्षेचा नाही. निर्यात बंद झाली तर पहिला उपाशी राहतो तो मजूर. युरोप करारांत हक्कांचं कलम १९९५ पासून नियमाने घालतो. ते वापरलं गेलं ते बहुतांशी आफ्रिकेतल्या लहान देशांबाबत, सत्तापालटानंतर. शिक्षेचा तो रस्ता बड्यांना कधी लागत नाही आणि छोट्यांना चिरडतो. मला हवी आहे ती तक्रारीची जागा. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बाईला आपल्या भाषेत तक्रार करता यावी, इटलीतल्या पंजाबी मजुराला त्याच्या. दोन्ही बाजूंच्या कामगार संघटना, शेतकरी संघटना आणि निवृत्त न्यायाधीश बसतील अशा समितीने ठरावीक मुदतीत चौकशी करावी, अहवाल जाहीर करावा, आणि सुधारणेचा खर्च ज्या कंपनीने त्या स्वस्ताईचा नफा घेतला तिने उचलावा.

बीडचं नाव मी उगाच घेतलं नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मुकादमाकडून जोडप्याने उचल घेतलेली असते, खाडा झाला की दंड बसतो, पाळीच्या दिवसांतही कोयता थांबत नाही. राज्याने नियम केले, शस्त्रक्रियांवर देखरेख आली. पण साखर विकत घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांपर्यंत प्रश्न पोचला तो अनेक वर्षांनी, परदेशी पत्रकारांनी लिहिल्यावर. तेव्हाही इथे देशाच्या बदनामीची ओरड झाली. बदनामी कशाने झाली, बातमीने की त्या शस्त्रक्रियांनी?

भारत आणि युरोपीय संघ यांच्यात मानवाधिकार संवाद नावाची एक बैठक आहे. २०१३ नंतर ती जवळजवळ आठ वर्षं झालीच नाही, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. अधिकारी बसतात, बंद दाराआड बोलतात, शेवटी एक गुळगुळीत निवेदन निघतं. युरोपने काय विचारलं ते भारतीयाला कळत नाही, आणि भारताने इटलीतल्या मजुराबद्दल काही विचारलं का, तेही कळत नाही. दोन मोठ्या लोकशाह्या हक्कांबद्दल बोलतात आणि ज्यांचे हक्क त्यांनाच बाहेर ठेवतात, हे बदलायला नव्या कराराचीही गरज नाही. सरकारने ठरवलं तर पुढची बैठक उघडी होऊ शकते.

व्यापार कराराचं मात्र वेगळं आहे. तो ७२० सदस्यांच्या युरोपीय संसदेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. तिथे फ्रान्सचा शेतकरी, जर्मनीची कामगार संघटना, पोलंडचा दूधउत्पादक आपल्या प्रतिनिधीला गाठणार आणि आपलं म्हणणं मांडणार. भारतात असा करार करण्याचा अधिकार सरकारचा. कलम २५३ खाली कायदा करायचा असेल तेव्हाच संसद मध्ये येते. आयातशुल्क तर अधिसूचनेने उतरतं. लोकसभेने या करारावर मत द्यायचं कारणच उरत नाही. परकीय संसदेने आमच्याबद्दल बोलू नये असं म्हणणाऱ्यांनी आपल्या संसदेने तरी बोलावं, अशी मागणी आजवर किती वेळा केली?

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत. दिंडोरी आणि नाशिकचे आहेत, बीडचे आहेत, यवतमाळ-वाशीमचे आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गचे आहेत. त्यांनी कराराचा संपूर्ण मसुदा मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत सभागृहाच्या पटलावर मागावा. त्यातलं श्रमाचं प्रकरण वाचून दाखवायला सांगावं. बंदी असलेल्या कीटकनाशकांच्या निर्यातीबद्दल सरकारने काय मागितलं, मागितलं नसेल तर का नाही, हे लेखी उत्तरात काढून घ्यावं. आणि हे सगळं स्ट्रासबर्गमध्ये युरोपीय संसदेचं मतदान होण्याआधी करावं. त्यानंतर विचारून उपयोग नाही.